भुऱ्याच्या मानेवरचं वजन

तीर्थपुरीच्या सरकारी गोदामाच्या आवारात होडी आली ती टंचाईच्या वर्षी. त्या उन्हाळ्यात गावाला टँकरने पाणी येत होतं. एका सकाळी टँकरऐवजी ट्रक आला, आणि ट्रकच्या मागे दोन चाकांच्या गाड्यावर बसून ही होडी आली. टँकरचाच काहीतरी सुधारित प्रकार असावा असं समजून दोघी-तिघी हंडे घेऊन धावल्या. आत पाणी नाही, उलट ही वस्तूच पाण्यात सोडायची असते, हे कळल्यावर त्या सरकारला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पूर नसताना पुराचा विचार केल्याबद्दल सरकारला नावं ठेवता येणार नाहीत. होडी लोखंडी होती, भक्कम होती, मागे इंजिन होतं. फक्त ती नदीपासून लांब ठेवली होती. कारण नदीकाठी ठेवली तर पुरात वाहून जाईल, अशी कचेरीला रास्त भीती होती.

मग पाऊस बरा झाला आणि रोजगार हमीची कामं थांबली. कामावरचे टिकाव, पहारी, फावडी, घमेली ठेवायला गोदामात जागा नव्हती, ती सगळी होडीत टाकली. होडीवर चढायची पायरी मागच्या अंगाला होती, त्यामुळे मालही मागच्याच अंगाला साठला. कोणी पुढे नेऊन ठेवायचे कष्ट घेतले नाहीत आणि तसा आदेशही नव्हता.

आता भुऱ्याविषयी. भुऱ्या म्हणजे तातेरावांची पिकअप गाडी. वरच्या धरणाचं काम संपल्यावर तिथली जुनी यंत्रं लिलावात निघाली, तेव्हा तातेरावांनी ती चौऱ्याऐंशी साली घेतली होती. तेव्हाच ती वीस वर्षांची होती. अर्धा टन माल न्यायला बनवलेली, नाकाने लांब, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, रंग मूळचा काय होता यावर गावात दोन मतं. धरणावर ती एक छोटं यंत्र मागे जोडून ओढायची. त्यासाठी तिच्या मागच्या दांडीवर लिंबाएवढा, म्हणजे चांगल्या ईडलिंबाएवढा, लोखंडी गोळा बसवलेला होता. तातेरावांनी त्या गोळ्याला कधी काही जोडलं नाही. पण काढलाही नाही.

पुढे शेतीची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली आणि तातेरावांनी शेवटची बैलजोडी विकली. त्या वर्षीच्या पोळ्याला गोजरबाई, म्हणजे त्यांची बायको, पुरणपोळीचं ताट घेऊन गोठ्यात गेली आणि रिकाम्या दावणीसमोर उभी राहिली. ताट परत घरात न्यायचं नसतं. गोठ्यात तेव्हा एकच प्राणी उभा होता. तिने त्याच्या कपाळाला, म्हणजे बॉनेटला, कुंकू लावलं.

तेव्हापासून भुऱ्याचा पोळा साग्रसंगीत होऊ लागला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. बैलाच्या मानेला जिथे जू बसतं तिथे हळद-लोणी चोळतात. भुऱ्याला मान नव्हती, म्हणून मागच्या गोळ्याला चोळायचे. चोळताना तातेराव बैलाला म्हणतात तसं म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." गोपीकिशन शेठ रस्त्यावरून जाताना विचारायचे, "काय तातेराव, बैलाला ऑइल बदलून दिलं का?" तातेराव हसायचे नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हा त्यांच्या वडिलांचा नियम होता. भुऱ्याही त्या दिवशी जागचा हलायचा नाही. एकदा खुद्द सरपंचाची सासू पोळ्याच्या दिवशी दवाखान्यात न्यायची होती. ती रिक्षाने गेली.

तर, अशाच एका पोळ्याच्या सकाळी नायब तहसीलदार पाथ्रीकर तातेरावांच्या दारात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात मोबाईल, आणि चेहऱ्यावर वरून आदेश आलेल्या माणसाचा भाव.

"तातेराव, तुमच्या गाडीला मागे गोळा आहे ना?"

"हाय. कालच मळला."

"होडी न्यायचीय. थडीपिंपरीला. वरच्या धरणाचं पाणी सोडलंय, गंगा पात्राबाहेर आलीय."

गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात. तातेरावांनी भुऱ्याकडे पाहिलं. बॉनेटवर बेगड चिकटवलेली, आरशांना गोंडे.

"ट्रॅक्टर न्या की सायेब. गावात धा ट्रॅक्टर हायेत."

"ट्रॅक्टरला खिळीचा हूक असतो. होडीच्या गाड्याला पुढे वाटी आहे, ती गोळ्यावरच बसते. सकाळपासून तेच करून पाहिलं. तारेने बांधलं, तार तुटली."

"आज पोळा हाय, सायेब. आज जुंपत न्हाईत."

पाथ्रीकरांनी एक श्वास घेतला. गाडीला पोळा असतो हे त्यांच्या प्रशिक्षणात कुठे आलं नव्हतं. "अहो, नदी आणि जुना ओढा यांच्या मधल्या उंचवट्यावर एक बाई अडकलीय. आखाड्यावर. दोन्हीकडून पाणी चढतंय."

आखाडा म्हणजे शेतातलं घर, गोठ्यासकट.

"कोण बाई?" हे गोजरबाईने विचारलं. ती ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"तलाठ्याने नाव सांगितलं... द्वारकाबाई. एकटीच आहे. बैलांजवळ राहिली म्हणे रात्री."

द्वारकाबाई म्हणजे तातेरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिने शेती स्वतः केली आणि ट्रॅक्टर कधी बांधावर येऊ दिला नाही. हौशा आणि पाखऱ्या हे तिचे बैल. खांदेमळणीच्या रात्री ती त्यांच्याजवळच झोपायची.

तातेराव आत गेले, चावी घेऊन आले, आणि भुऱ्यासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. काय पुटपुटले ते कोणाला ऐकू आलं नाही. गोजरबाई ताटासकट गाडीत जाऊन बसली.

गोदामाच्या आवारात भुऱ्या मागे घेतला, तेव्हा एक गोष्ट दिसली. होडीच्या गाड्याचा पुढचा दांडा हलका होता. इतका हलका की तातेरावांनी तो एका हाताने उचलला. सगळं लोखंड मागे, इंजिनही मागे. दोन चाकांच्या मागे भार, पुढे हवा.

"हा माल पुढे सारायचा किंवा उतरवायचा म्हटलं तर पंचनामा लागेल," पाथ्रीकर म्हणाले. "पंच आणावे लागतील. सरकारी अवजारं आहेत."

"काही नका हलवू सायेब. बराबर हाय." तातेरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा सुटका दिसली. "बैलगाडी भरताना आमचा बाप हेच बघायचा. मानेवर भार पडला न्हाई पायजे. बैलानं नुसतं वढायचं, उचलायचं न्हाई. पोळ्याच्या दिशी जुंपून राह्यलो, निदान मान तरी मोकळी राहू द्या त्याची."

शेतकरी आणि महसूल खातं यांचं एकमत होण्याचा तो त्या तालुक्यातला बहुधा पहिलाच प्रसंग असावा. वाटी गोळ्यावर बसली. काल चोळलेलं लोणी बाजूने बाहेर आलं. तातेरावांनी ते बोटाने निपटून हौद्याच्या फळीला पुसलं.

भुऱ्याने होडी ओढली. कण्हत ओढली, क्लचचा जळका वास आला, पण ओढली. गावाबाहेर सडक लागली आणि तातेरावांनी तिसरा गिअर टाकला. तेव्हा मागून कोणीतरी भुऱ्याचं शेपूट धरून हलवावं तसं काहीतरी झालं. आधी थोडं डावीकडे. मग थोडं जास्त उजवीकडे. आरशात होडी दिसायची, मग नुसता रस्ता, मग पुन्हा होडी, पण दुसऱ्या बाजूला. समोरून पोळ्याची मिरवणूक येत होती. शिंगांना रंग, अंगावर झुली, पुढे हलगीवाला. होडीचं मागचं टोक रस्ता झाडत त्यांच्याकडे निघालं. हलगीवाला हलगीसकट शेतात गेला.

"ए बाबा! गाडी चालवून राह्यला का नांगर?" कोणीतरी ओरडलं.

तातेरावांनी वेग कमी केला. होडी शहाण्यासारखी मागे मागे येऊ लागली. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा तेच. काळ्या मातीचा चिखल सडकेवर आलेला, टायर जुने. तिसऱ्या वेळी भुऱ्याचं स्वतःचं मागचं अंग उचलल्यासारखं झालं आणि पाथ्रीकरांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"हे काय होतंय?"

"लई पळवलं की हलतंय. बैलाच्या चालीनं घेतलं की बराबर."

मग बैलाच्या चालीने. मिरवणुकीतले काही बैल देवळाला वळसा घालून परत निघाले होते, ते भुऱ्याला मागे टाकून पुढे गेले. बैलांच्या मालकांनी जाता जाता आत डोकावून पाहिलं. गोजरबाईच्या मांडीवर ताट होतं, ताटात पुरणपोळी, आणि पोळीवर डोळा ठेवून पाथ्रीकर. एकाने विचारलं, "गंगेला निवद घेऊन चालले का?"

पाथ्रीकरांचा मोबाईल वाजला. तलाठी काठावरून बोलत होता, आणि इतक्या जोरात बोलत होता की मोबाईलची तशी गरज नव्हती.

"साहेब, पाणी गोठ्याला लागलं! बाई दिसतेय, बैल धरून उभी आहे! कुठपर्यंत आलात?"

पाथ्रीकरांनी बाहेर पाहिलं. तीर्थपुरीची पाण्याची टाकी अजून स्पष्ट दिसत होती. "रस्त्यात आहोत," ते म्हणाले. हे उत्तर चुकीचं नव्हतं.

"तातेराव, जरा पळवा."

"पळवतो की, मंग होडी खड्ड्यात आन् आपण होडीखाली."

"मग दुसरं काही करा! मागच्या भारानेच शेपूट हलतंय, माल पुढे तरी घ्या!"

"पुढं घेतला का सगळा भार भुऱ्याच्या मानेवर येतो. अर्ध्या टनाची गाडी हाय, सायेब. पाटे जुने. बसंल तो." पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी.

तातेराव तसेच चालवत राहिले. स्टिअरिंगवर वाकून, मागे कान देऊन, बैलाच्या पायाला काही बोचत नाही ना हे पाहावं तसे. टाकी हळूहळू लहान झाली. एक बाभूळबन गेलं, एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग गेलं. मोबाईल पुन्हा वाजला. या वेळी तलाठी ओरडला नाही, हळू बोलला, आणि ते जास्त वाईट वाटलं.

"साहेब, बैलांच्या गुडघ्याला आलं."

गोजरबाईने ताट पाथ्रीकरांच्या मांडीवर ठेवलं.

"थांबवा."

"आता काय?"

"थांबवा म्हन्ते ना."

भुऱ्या थांबला. गोजरबाई खाली उतरली, मागे गेली, आणि होडीच्या पायरीवर पाय ठेवून तिथूनच बोलली.

"आवं, तुमची बहीण तिकडं बुडून राह्यली आन् तुम्ही इकडं लोखंडाची मान चोळून राह्यले. भार येऊ द्या त्याच्यावर. बैल कशाला पाळत्यात? पूजेला?"

"पोळा हाय गं आज."

"आक्काच्या आखाड्यावर काय शिमगा हाय?"

तातेरावांनी इंजिन बंद केलं. मग उतरले. होडीत चढले आणि पहिला टिकाव उचलून पुढच्या टोकाला फेकला.

"पंचनामा..." पाथ्रीकरांनी सुरुवात केली. ताट त्यांच्या हातात होतं.

"सायेब, ते ताट ठिवा आन् वर या. रस्त्यात फेकून देत न्हाई तुमचा माल. फेकून उपेग बी न्हाई, मागं इंजन हाय. पुढंच पायजे."

पाथ्रीकरांनी आयुष्यात प्रथमच रोजगार हमीच्या कामावर प्रत्यक्ष काम केलं. पहारी पुढे, घमेली पुढे, टिकाव पुढे. प्रत्येक पहारीला भुऱ्याचं मागचं अंग खाली जात होतं. शेवटी तातेरावांनी वाकून पाहिलं. पाटे कमानीचे सरळ झाले होते. ते खाली बसले, पाट्यावरून एकदा हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसले.

आणि भुऱ्या पळाला. नाक आभाळाकडे, मागचं अंग जमिनीला, पण सरळ पळाला. होडी त्याच्या मागे अशी आली, जणू गेली तीन वर्षं तिला हेच करायचं होतं. तिसरा गिअर. बाकदार वळण. उतार. तातेराव तोंडाने च्यक् च्यक् करत होते, बैलाला करतात तसं, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

थडीपिंपरीच्या अलीकडच्या उतारावर खालून बंदुकीसारखा आवाज आला. पाटा तुटला. भुऱ्या एका अंगाला कलला, टायर हौद्याला घासू लागला, रबराचा धूर निघाला. पाथ्रीकरांनी तातेरावांकडे पाहिलं. तातेरावांनी समोरच पाहिलं. थांबले ते पाण्यापाशी, सडक जिथे पाण्यात शिरत होती तिथे.

होडी पाण्यात गेली. इंजिन सुरू झालं नाही, कारण त्याची चावी तालुक्याला होती, सुरक्षित. गावातल्या दोन भोयांनी लांब बांबू घेतले आणि ते होडी रेटत निघाले. उंचवटा बुडाला होता, आता नुसता अर्धा बुडालेला आखाडा दिसत होता आणि त्याच्या पत्र्यावर लुगड्याचा एक हिरवा ठिपका.

ठिपका होडीत आला. काठावरचे लोक ओरडले. पाथ्रीकरांनी घाम पुसला आणि मोबाईलवर वरच्या साहेबांना कळवलं की होडी वेळेत पोहोचली, जीवितहानी नाही.

द्वारकाबाई उतरली ती कमरेपर्यंत भिजलेली, एका हातात विळा, दुसऱ्या हातात कासऱ्याचे दोन तुकडे. कासरा म्हणजे बैलाची दोरी. तुकडे ताजे कापलेले होते.

"आक्का," तातेराव म्हणाले. आणि मग, "बैल?"

"सोडले."

"कवा?"

"आत्ता. ह्या आत्ता." ती पाण्याकडे पाहत होती. "वाट पाह्यली रे. तलाठी हात करून राह्यला होता, होडी येऊन राह्यली म्हणून. येऊन राह्यली, येऊन राह्यली. मंग पोटाला लागलं पाणी. बांधलेले मरत्यात, सोडले तर पवतील म्हनलं. कापलं. ही तुमची होडी तिकडं वळणावर दिसली ना, तवा पाखऱ्याचं शिंग दिसत होतं. लाल रंग लावल्ता. मंग न्हाई दिसलं."

"पवतील आक्का. खाली कुठंतरी लागतील काठाला."

"लागतील," ती म्हणाली. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

तातेरावांनी गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईने दुसरीकडे पाहिलं. तीर्थपुरीच्या टाकीपासून जिनिंगपर्यंत बैलाच्या चालीने कापलेला सगळा रस्ता त्या दोघांच्या मधे उभा होता. तातेरावांनी तोंड उघडलं.

पण द्वारकाबाईचं लक्ष भुऱ्याकडे गेलं होतं. मागचे पाय मोडलेला बैल बसतो तसा तो बसला होता. बॉनेटवरची बेगड चिखलाने माखलेली, एक गोंडा कुठेतरी पडलेला.

"ह्याला काय झालं?"

"बसला," तातेराव म्हणाले.

"पोळ्याच्या दिशी जुंपला तू ह्याला?"

"हौ."

"माझ्यापायी." तिने कासऱ्याचे तुकडे कमरेला खोचले. "बाबानं कधी न्हाई जुंपला. अन् तू माझ्यापायी पळवत आणला आन् पार पाठ मोडली त्याची. तात्या, तात्या. एवढं कोण करतं रे."

"आक्का, तसं न्हाई..."

"गप."

मागे पाथ्रीकर टिकाव मोजून घेत होते. होडी सोडताना एक घमेलं पाण्यात गेलं होतं, त्याचं काय दाखवायचं हे ते तलाठ्याला विचारत होते. गोजरबाईने गाडीतून ताट आणलं. पोळी दुमडली होती, तूप सांडलं होतं. द्वारकाबाईने ते तिच्या हातातून घेतलं.

"काल माझ्या दोघांना आवतण दिल्तं," ती म्हणाली. "ते आता काही जेवायला येत न्हाईत. ह्याला तरी जेवू दे."

पोळी तिने बॉनेटवर ठेवली. मग मागे गेली, खाली बसली. गोळा अजून गरम होता, लोण्याचं काळं वंगण झालं होतं. ओल्या पदराचं टोक पिळून तिने तो पुसायला सुरुवात केली, जू उतरल्यावर बैलाची मान पुसतात तशी, कडेने, हलक्या हाताने.

"लई भार पडला असंल ह्याच्या मानेवर," ती म्हणाली. "न्हाई का रे?"

तातेराव पाण्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "उशिरा पडला."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ती पुसत राहिली.